जिममधली समिती



उन्हाळ्यात शुगर बॉर्डरवर आली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. परभणीच्या उन्हात चालणार कुठे? म्हणून महिलांच्या बॅचला जिम लावली, चार ते पाच. पाचनंतर घरी येऊन सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं जेवण उरकायचं असतं. त्यामुळे माझा तास म्हणजे मोजून साठ मिनिटं.

त्याच बॅचला आपल्याच समाजातल्या एक वहिनी येतात. ट्रेडमिलवर टॉवेल टाकून जागा धरायची आणि बाजूला उभं राहून फोनवर बोलायचं, तेही स्पीकर लावून. बाकावर घाम तसाच. डंबेल हातातून सुटतील तिथेच पडलेले. एकदा त्यांच्या डंबेलला माझा पाय ठेचकाळला, अंगठ्याचं नख काळं पडलं.

मी काय केलं? त्यांना एक शब्द बोलले नाही. पण नणंदेला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, मंदिरात पूजेचं ताट लावता लावता आणखी दोघींना सांगितलं. आठ दिवसांत सगळ्यांना कळलं, फक्त त्या वहिनींनाच माहीत नव्हतं.

मग दशलक्षण पर्व आलं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, तसा नवव्या दिवशी नववा. त्यात पाच समिती येतात: ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग. आदान-निक्षेपण म्हणजे वस्तू बघून, जपून उचलायची आणि जपूनच ठेवायची. मुनिमहाराज कमंडलू ठेवण्याआधी पिच्छीने जागा हळूच झाडून घेतात, ते आपण कितीदा पाहिलंय. माझ्या डोळ्यांसमोर मात्र डंबेल आले! मनात म्हटलं, हे त्या वहिनींना ऐकवायला पाहिजे.

आणि तिथेच अडकले. आदान-निक्षेपणाच्या आधी भाषा समिती येते. हिताचं, मोजकं आणि गोड बोलणं. ती कुणी मोडली होती? वहिनींचा निष्काळजीपणा एका अंगठ्याला लागला. माझी जीभ चार घरं फिरून आली होती. त्यात तो दिवस उत्तम आकिंचन्य धर्माचा, ‘माझं काही नाही’ म्हणण्याचा. ट्रेडमिल त्यांची नाही, तशी माझीही नाही.

क्षमावाणीला त्या समोर आल्या. हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणून पुढे सरकता आलं असतं. पण कशाची क्षमा मागतेय, ते सांगायला नको का? म्हटलं, “वहिनी, जिमवरून मी तुमच्या माघारी चौघींजवळ बोलले. आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“काय बोललात?”

सांगितलं सगळं. त्यांचा चेहरा उतरला. काही न बोलता निघून गेल्या. तीन दिवस जिमलाही आल्या नाहीत. ते तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी आल्या. मला बघून ट्रेडमिलवरचा टॉवेल उचलला आणि म्हणाल्या, “अहो, तेव्हाच सांगायचं ना!” आता डंबेल जागेवर जातात. फोन अजून स्पीकरवरच असतो, पण तेही मी आता समोरच सांगते.

तेव्हापासून माझं ठरलंय. इजा होण्यासारखं असेल तर तिथल्या तिथे बोलायचं. मशीन हवं असेल तर “तुमचं किती राहिलं? मध्ये मी करू का?” एवढंच विचारायचं. सांगूनही ऐकलं नाही, तर ट्रेनरला सांगायचं, मंदिरात नाही.

जिंतूरजवळच्या नेमगिरीला गुहांच्या लहानशा दारातून आपण वाकून आत जातो. आतली माणसं बाहेर येईपर्यंत शांत उभ्या राहतो, कुणी चिडत नाही. तेवढं थांबणं जिममध्येही जमायला हवं.

तुम्हाला कुणाशी असंच बोलायचं राहिलंय का? पुढच्या क्षमावाणीची वाट बघू नका.