फोडली भिंत, निघालं स्वयंपाकघर

चोरांचा सिनेमा म्हटला की मी सहसा उठून आपल्या कामाला लागते. पण 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' हा जुना इटालियन सिनेमा मी तीनदा बघितला, तिसऱ्यांदा तर सासूबाईंना शेजारी बसवून, मराठीत सांगत सांगत. १९५८ सालचा, मारिओ मोनिचेल्लीचा. मूळ इटालियन नावाचा अर्थ साधारण 'नेहमीचेच अज्ञात चोरटे' असा, वर्तमानपत्रात छापतात तसा. 'रिफिफी' नावाच्या फ्रेंच सिनेमात दरोडा घड्याळाच्या काट्यासारखा चालतो, त्याची ही थट्टा.

गोष्ट एवढीच. रोममधले पाचसहा कफल्लक. गहाणवटीच्या पेढीशेजारी एक रिकामं घर आहे, मधली भिंत फोडायची नि तिजोरी रिकामी करायची. त्यासाठी तिजोरी फोडणाऱ्या एका जुन्या जाणत्याची गच्चीवर शिकवणीसुद्धा लावतात! पण यांच्या हातून काही धड होईल तर शपथ. कोसिमो पिस्तूल घेऊन पेढीतल्या माणसापुढे उभा राहतो, तर तो माणूस शांतपणे पिस्तूल हातात घेतो आणि त्याचे किती पैसे येतील ते सांगायला लागतो. इथे सासूबाईंना हसून ठसका लागला.

तिजोरीचा आकडा कळावा म्हणून लांबून चोरून चित्रण करतात. नेमक्या वेळी समोर दोरीवरचे कपडे येतात. चित्रण करणाऱ्या तिबेरियोच्या काखोटीला तान्हं पोर, कारण बायको तुरुंगात. चोरटी सिगारेट विकताना ती सापडली. हा बापडा कटाच्या बैठकीला पोर घेऊन येतो. मार्चेल्लो मास्त्रोयानीनं हे काम असं केलंय, की ज्या बाईनं कडेवर मूल घेऊन भाकऱ्या थापल्यात तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वाळत घातलेले कपडे, पोराचं दूध, घरातल्या म्हाताऱ्या बायका, त्यांची मोलकरीण. दरोडा हाणून पाडतो तो संसार. पोलिसांना फारसं काही करावंच लागत नाही. पटकथा लिहिणाऱ्या चौघांत एक बाई होती, सुझो चेक्की दामिको. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या लेखनातही ती होती. ती दोरी तिनंच बांधली असणार, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका.

एका ठिकाणी मात्र सासूबाई हसल्या नाहीत. टोळीतला सिसिलीचा गडी आपल्या बहिणीला, कार्मेलाला, घरात कोंडून ठेवतो. तिच्यावर परक्याची नजर पडू नये म्हणून. स्वतः दुसऱ्याच्या तिजोरीवर निघालेला आणि घरातल्या जित्या पोरीला कुलूप! सिनेमात हे विनोदानं येतं, माणूस हास्यास्पद दिसतोही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुलूप नसायचं गं. दारात कुणीतरी बसलेलं असायचं." मी सिनेमा थांबवला. त्या कधी नव्हे ते बराच वेळ बोलल्या. पुढच्या खोलीत पाहुणे असले की मधल्या घरातून पाणीसुद्धा हळूच ओतून घ्यायचं, भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. बेळगावात लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी बाजारपेठ बघितली नव्हती. मंदिर, घर, मंदिर. हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग परत लावला. रात्रभर खपून ते भिंत फोडतात, आणि भोकातून दिसतं त्याच घराचं स्वयंपाकघर. चुकीची भिंत! तिजोरी राहिली बाजूला. शेवटी हरभरे घातलेला पास्ता सापडतो, तो खात बसतात. किती चवीनं खातात! चोरी तर दूरच, आमच्या हिशेबानं रात्रीभोजनाचं पाप तेवढं पदरात, असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "भुकेली होती गं माणसं. जेऊ दे."

सकाळी सगळे पांगतात. त्यांचा म्होरक्या पेप्पे मजुरांच्या गर्दीत सापडून कामाच्या फाटकातून आत ढकलला जातो. म्हातारा साथीदार बाहेरून ओरडतो, अरे, आत काम करावं लागेल! पेपरात बातमी येते, अज्ञात चोरट्यांनी भिंत फोडून पास्ता-हरभरे लंपास केले.

मी बंद करायला उठले, तर सासूबाईंनी विचारलं, "त्या बाळाची आई सुटली का?"

नाही म्हटलं. सिनेमा संपेपर्यंत ती आतच असते.

"बघ," त्या म्हणाल्या, "एवढे चोर मोकळे."