कापराची धाव

आरतीच्या तबकातील कापूर आपणास जळण्यापुरताच परिचित असतो. तोच कापूर स्वच्छ पाण्यावर सोडला, तर वारा नसताना आणि कोणी न ढकलता तो इकडून तिकडे पळू लागतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो. कापराचा अंश त्यावर पसरतो आणि तेथील ताण सैल करतो. तुकडा ओबडधोबड असल्याने एका बाजूस हे अधिक घडते, दुसऱ्या बाजूस कमी. जिकडे ताण टिकून आहे तिकडे तो ओढला जातो. पसरलेला कापूर हवेत उडून जातो, म्हणून ही धाव बराच वेळ चालते.

दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब गोंदियाहून रेल्वेने दरेकसा येथे गेलो होतो. सालेकशाच्या पुढील हे लहानसे स्टेशन, भोवती डोंगर आणि जंगल. हाजरा धबधब्याच्या प्रवाहाकाठी मुलांनी पितळी ताटात पाणी भरून कापराची शर्यत मांडली. तेवढ्यात थेपला खात असलेल्या धाकट्या भाच्याने त्यात बोट बुडविले. कापूर जागीच थांबला.

हे थांबणे इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांनी 1890 साली मोजले होते. सुमारे 84 सेंटिमीटर व्यासाच्या पात्रात कापराची धाव रोखण्यास त्यांना ऑलिव्ह तेल लागले ते अवघे 0.8 मिलिग्रॅम, आपल्या गुंजेचा जवळजवळ दीडशेवा भाग! तराजूवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या हिशेबाचे फार कौतुक वाटते. त्याच सुमारास जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे आग्नेस पॉकेल्स नावाची स्त्री आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळून, घरगुती साधनांनी पाण्याचा हाच ताण मोजत होती. विद्यापीठाचे शिक्षण तिला मिळालेले नव्हते. तिने रॅले यांना पत्र लिहिले आणि त्यांनी ते 1891 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आणले.

परंतु त्या दिवशी माझे लक्ष ताटाहून प्रवाहाकडे अधिक गेले. काठच्या संथ पाण्यावर लांब पायांचे कीटक सरसर धावत होते. त्यांना तोलून धरतो तो हाच ताण. पाण्यावर राहणारे काही लहान कीटक तर संकटात शरीरातून एक द्रव मागे सोडतात आणि कापराप्रमाणेच पुढे झेपावतात. साबण पडला की ताण ढासळतो आणि या जिवांच्या पायाखालचा आधारच जातो. वाहत्या पाण्यात तो लवकर वाहून जाईल. दगडांमध्ये साचलेल्या डबक्यात मात्र तसे होत नाही.

जेवणानंतर नेहमीप्रमाणे भांडी प्रवाहावर नेण्याची तयारी झाली, तेव्हा मी मध्ये पडलो. पाणी गाळून उरलेली जिवाणी पुन्हा मूळ पाणवठ्यावर सोडणारी आपण माणसे. त्याच पाण्यात साबणाचा फेस कसा सोडावा? वहिनींना हे पटले, काकींना नाही. “एवढ्या मोठ्या ओढ्याला दोन भांड्यांनी काय होते?” असे त्या म्हणाल्या. बराच वाद झाला. अखेर सूनबाईने खरकटी भांडी कागदाने पुसून पोत्यात बांधली. परतीच्या गाडीत पोत्यातून लोणच्याचा वास येत होता आणि काकी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.