परसांतील शोषखड्डा

संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या मास्तरानें मोरीच्या पाण्यावर लिहावें, हें वाचकांस विनोदाचें वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरांत याच विषयावर तीन आठवडे वाद चालला, व अखेरीस त्यांत मी हरलों.

त्याचें असें झालें. धाकट्या भावजयीचे गुडघे तिला जिना चढूं देईनात. तेव्हां तिच्यासाठीं परसांत एक खोली काढावी, असें पुतण्यानें ठरविलें. जागा एवढीच होती, आणि तींतच कोठें तरी स्वयंपाकघराच्या मोरीचा शोषखड्डा पुरलेला होता. तो १९९१ सालीं माझ्या धाकट्या भावानें स्वतः खणला. चार फूट लांबरुंद, पांच फूट खोल. तळाशीं मोठे दगड, त्यांवर लहान, मग विटांचे तुकडे व वाळू, वर खताचीं रिकामीं पोतीं आणि माती. "दादा, भिंतीवर खूण करून ठेवूं," असें तो म्हणाला होता. "आपण दोघे आहोंत कीं!" असें मीं उत्तर दिलें. त्याला जाऊन आतां बारा वर्षें झालीं.

मिस्त्री म्हणाला, वर काँक्रीटची लादी टाकून खोली उठवूं. मला तें पटेना. दगडांच्या पोकळींत भोंवतालची माती उतरते व भराव खचतो. शिवाय आमच्याकडे वरचे तीन फूट काळी माती; ती भिजली कीं फुगते, वाळली कीं आकसते, आणि वरची भिंत तडकते. साबण व तुपातेलाचा ओशटपणा यांनीं असा खड्डा आज ना उद्यां तुंबतोच. त्या वेळीं काय खोलीची जमीन फोडायची? खड्डा हलवावा, हें सर्वांनीं मानलें. येथवर माझी सरशी होती.

"तो पारिजातकाखालीं आहे," मीं ठामपणें सांगितलें. भावजय दारांतून म्हणाली, "दादा, केळीपलीकडे असावा. तिथलें अळूं भर वैशाखांत पाणी न घालतांहि टवटवीत असतें." मीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. दोन गड्यांची दिवसाची मजुरी कोरड्या मातींत गेली. झाडाचीं मुळेंहि दुखावलीं. दुसऱ्या दिवशीं अळवाखालीं हातभर खणतांच पोतीं लागलीं. दगड काळ्या चिकट थरानें माखले होते. खड्डा तुंबण्याच्या बेतांतच होता. ते दगड तिच्या यजमानांनीं डोक्यावरून वाहून आणलेले. ती कांहीं बोलली नाहीं, व मलाहि बोलवेना.

नव्या खड्ड्यासाठीं मात्र मीं कोणतीहि गोष्ट स्मरणावर सोडली नाहीं. सेप्टिक टाकीच्या पाण्याकरितां भारतीय मानकांत विहिरीपासून १८ मीटर व राहत्या घरापासून ६ मीटर अंतर सांगितलें आहे. आमचें पाणी केवळ मोरीचें, तरी आम्हीं तेंच धरलें. मुरूम लागेपर्यंत खणून खड्डा पाण्यानें भरला, रात्रभर मुरूं दिला, आणि सकाळीं पुन्हा भरून घड्याळ लावून उतार पाहिला. खड्ड्याआधीं शितें व तवंग अडविणारी लहान हौदी केली. ती दर आठवड्यास साफ करण्याचें काम मीं मागून घेतलें. जुन्या खड्ड्यांतले दगड उपसून मुरमाचे थर पाणी मारून धुम्मसानें चोपले, आणि मग खोलीचा पाया घातला.

दिवाळींत भावजय खोलींत राहावयास गेली. नव्या खड्ड्याचीं अंतरें मीं फडताळाच्या दाराच्या आंतल्या बाजूस खडूनें नव्हे, रंगानें लिहून ठेविलीं आहेत. तिनें अळवाचे कंद तेथें नेऊन लावले आहेत. मला विचाराल, तर तीच खूण अधिक भरंवशाची वाटते.