तेलकट वही

पन्नाशी उलटलेल्या माणसाने नवे व्यसन लावून घेऊ नये असे शहाणे लोक सांगतात. मी तपकीर ओढू लागलो असतो किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊ लागलो असतो, तर आमच्या सौभाग्यवतींनी त्याची काही तरी संगती लावली असती. परंतु रविवारच्या सकाळी मोटारीखाली उताणे पडून राहण्याच्या माझ्या या छंदाला त्यांच्या संसारशास्त्रात जागाच नाही. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ तर मला प्रथम त्या अवस्थेत पाहून घाबरूनच गेले. माझे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. "प्राध्यापक, फार लागलं का हो?" असे त्यांनी कळवळून विचारले. मी आतूनच उत्तर दिले की, लागले काही नाही, इंजिनाचे ऑइल बदलतो आहे. क्षणभर ते स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, "का, गॅरेजवाले संपावर आहेत?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि एका वाक्यात देण्यासारखे ते नाहीही.

गाडी वस्तुतः माझी नव्हे. ती माझ्या धाकट्या भावाची. २०११ साली अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर त्याने ती घेतली. चार वर्षांपूर्वी अल्पशा आजाराने तो गेला. पुढे एके दिवशी भावजय माझ्याकडे किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, विकायची तर विकून टाका. फक्त कुणाला विकलीत ते मला सांगू नका." मी ती विकण्यासाठीच घरी आणली. गिऱ्हाइके आली, त्यांनी दरवाजे उघडून व मिटून पाहिले, टायरांना लाथा मारल्या आणि किंमत पाडून मागितली. त्या लाथांनी माझे काय बिघडावयाचे होते? पण बिघडले खरे, आणि गाडी राहून गेली.

ही फियाट पुंटो. मूर्तीने लहान, इंजिन अवघे १२४८ घन सेंटिमीटरचे, डिझेलवर चालणारे. आमच्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ती तयार होत असे. हेच इंजिन निरनिराळ्या नावांनी मारुती आणि टाटा यांच्या गाड्यांतही बसवले गेले, इतके की मोटारींचे शोकीन त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे नवे कडक नियम लागू झाले आणि त्याचे राज्य आपल्या देशात संपुष्टात आले. एवढ्याशा इंजिनाने भरल्या गाडीला घाट चढवावा, याचे रहस्य त्याच्या कुशीत बसवलेल्या टर्बोत आहे. शंखाच्या आकाराच्या दोन पोकळ पेट्या, मध्ये एक दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक चक्र. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्राला फिरवतो. त्यासरशी दुसरे फिरते आणि बाहेरची हवा कोंबून कोंबून इंजिनात भरते. अधिक हवा म्हणून अधिक इंधन, अधिक इंधन म्हणून अधिक जोर. लोहाराचा भाता निदान कोणाला तरी ओढावा लागतो. येथे भट्टीचा धूरच भाता ओढतो! आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. ती प्रथम जहाजांच्या आणि मोठ्या यंत्रांच्या उपयोगी पडली. विक्रीच्या मोटारीत यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण एका निराळ्या टाकीत भरावे लागे, आणि ती टाकी भरण्याचे मालकांना स्मरणच राहत नसे. पुढल्याच वर्षी ती गाडी बंद झाली. हे वाचून मला माझ्या वर्गातील मुलांचे, आणि खरे सांगायचे तर माझेही, स्मरण झाले.

हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकतो. आपल्याला साधा पंखा तीनशे-साडेतीनशे फेऱ्यांवर गेला की पाती दिसेनाशी होतात. इतक्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याला टेकू कशाचा, तर तेलाच्या पातळ थराचा. दांडा त्या थरावर जणू तरंगत असतो. तेल जुने झाले, जळून त्याची काजळी धरली किंवा वेळेवर पोचले नाही, की धातूला धातू लागलाच. म्हणूनच घाट चढून आल्यावर गाडी थांबवताच इंजिन बंद करावयाचे नसते; तप्त झालेल्या चक्राला निवण्यास मिनिटभर अवधी द्यावयाचा असतो. दारात गाडी उभी करून मी एक मिनिट आत स्वस्थ बसलेला असतो, याचा आमच्या वाड्यातल्या मंडळींनी कोणता अर्थ लावला आहे ते मी विचारलेले नाही.

टर्बो हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा एक अर्थ वावटळ, दुसरा भोवरा. तीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असावयास हरकत नव्हती. पण मी तो कोशात पाहिला तो गाडी घरी आल्यावर. माझा भाऊ भोवरा फार सुरेख फिरवी. जमिनीवर पडू न देता तो हातजाळीवर घेई, आणि मग तो फिरता भोवरा माझ्या तळहातावर सोडी. माझ्या हातावर येताच तो लटपटून पडे. मी म्हणे की हे खेळ रिकामटेकड्यांचे. मला भोवरा येत नव्हता हे त्याला माहीत होते, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होते.

आमचे घराणे पांढरपेशे. घरातल्या अवजारांची यादी एक हातोडी आणि तोंड न मिटणारी एक पक्कड एवढ्यात संपे. खडूने पांढरी झालेली बोटे आमच्याकडे प्रतिष्ठेची, तेलाने काळी झालेली चिंतेची. मी एम.ए. झालो तेव्हा पेढे वाटले गेले. भाऊ आयटीआयला गेला तेव्हा वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पुढे तो चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये लागला. केसाच्या जाडीहून सूक्ष्म अंतरे तो बोटांनी ओळखत असे असे त्याचे सहकारी सांगतात. आम्ही मात्र त्याची ओळख करून देताना "इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहे" असे मोघम म्हणत असू. या मोघमपणात किती उद्दामपणा होता हे मला फार उशिरा कळले.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात मला त्याची वही सापडली. दोनशे पानी, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली. पहिल्या पानावर त्याने स्वतःसाठी नियम लिहिले होते. नुसत्या जॅकवर गाडी तोलून खाली कधीही शिरू नये, दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात. ऑइल काढण्यापूर्वी इंजिन कोमट करावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून येतो. बोल्ट आधी बोटांनी फिरवावा, पाना मागाहून. बोट अडले तर आटे चुकले असे समजावे. या तिसऱ्या नियमाची थोरवी मला कळली ती तो मोडल्यावर. तेलाच्या पात्राचा खालचा बोल्ट मी उत्साहाच्या भरात थेट पान्याने आवळला आणि आटे गेले. दुरुस्तीला मेस्त्रींनी जे पैसे घेतले त्यात चार वेळा तरी ऑइल बदलून मिळाले असते. त्यांनी मला एक शब्दही लावून बोलले नाही. नवा बोल्ट त्यांनी माझ्याच हातात दिला आणि आधी बोटांनी फिरवायला सांगितले.

हळूहळू मी शिकलो. सुमारे तीन लिटर ऑइल, फिल्टर, त्याचे रबरी कडे, हवेच्या फिल्टरातली धूळ. निघालेले काळे तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजात पोचते करावयाचे. पुतण्या दर रविवारी चिंचवडहून येऊ लागला. तो एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मी त्याला कधी काही शिकवले नाही. तो मला शिकवी, आणि मी चुकलो की बापासारखाच गालात हसे.

आणि मग ती डबी निघाली. इंजिनाच्या एका कडेला, काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, दोन वायरी असलेली. ही भावाने हौसेने बसवलेली. पुतण्याने तिचा धर्म मला समजावून सांगितला. इंधनाच्या नळीतला दाब किती आहे हे मोजणारे एक उपकरण असते. ते गाडीच्या संगणकाला खबर देते. ही डबी मध्ये बसून ती खबर बदलते, दाब आहे त्याहून कमी असल्याचे सांगते. भोळा संगणक दाब वाढवतो, इंधन अधिक जाते, गाडी उसळते. थोडक्यात, ही डबी खोटे बोलते! ज्या माणसाने आयुष्यात मापात केसाचीही लबाडी केली नाही, त्याच्या गाडीत ही लबाड दूती! मला हसू आले आणि थोडे बरेही वाटले. दोन हजार फेऱ्यांच्या खाली ही गाडी मंद असते. प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प बसून मग एकदम घडाघडा बोलू लागणाऱ्या विद्यार्थ्यासारखा तिचा स्वभाव. भावाला तो मंदपणा खटकत असावा.

मी डबी काढावयाचे ठरवले. मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. आमची डबी नोंदणीपत्राच्या कोणत्या रकान्यात शिरते हा वकिली प्रश्न मी बाजूला ठेवला. जुन्या इंजिनाला दाब सोसेल तितकाच द्यावा, २०२६ मध्ये पंधरा वर्षे भरतात तेव्हा पुन्हा नोंदणी करावयाची आहे, असेही मी सांगितले. पुतण्याने सगळे ऐकून घेतले.

"काका, बाबांना हे कळत नव्हतं का?"

मला उत्तर सुचले नाही. मी डबी काढली. दोन रविवार तो आला नाही.

त्या रिकाम्या रविवारी मी वही प्रथमच पहिल्यापासून वाचली. तोवर लागेल तेवढेच पान काढीत असे. डबीविषयी तेथे लिहिले होते: "डबी लावली. ओढ चांगली. धूर जास्त. बघू." तीन महिन्यांनी: "काढली." पुन्हा महिन्याने: "लावली." म्हणजे त्याचाही निकाल लागलेला नव्हता तर. परंतु मी थांबलो तो वहीच्या दुसऱ्याच पानावर. गाडी घेतल्यानंतरच्या रविवारची ती नोंद होती. ६४ किलोमीटर. "दादाला दाखवायला नेली. पेपर तपासत होता. खिडकीतून पाहिली." तेवढेच. तो दिवस मला आठवतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात होता. खालून हॉर्न वाजला, मी खिडकीतून हात हलवला आणि "छान आहे रे, रंग चांगला घेतलास" असे म्हणालो. जिना उतरायला पंचवीस पायऱ्या होत्या.

पुतणीची शाळा पाचगणीला. पुढल्या महिन्यात तिला भेटावयास आम्ही निघालो तेव्हा भावजय मागे आणि पुतण्या माझ्या शेजारी बसला होता. बोलत बेताचेच होता. वाई सोडून पसरणीचा घाट लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर 'फुस्' असा आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. पॅडल दाबावे तर इंजिन नुसते गुरगुरे, मागे काळ्या धुराचा लोट. एक मोटारसायकलवाला नाक दाबून पुढे गेला. डबी काढल्याचेच हे फळ, असे पुतण्या आता म्हणणार याविषयी मला शंका राहिली नाही. तो काही न बोलता उतरला, बॉनेट उघडले आणि म्हणाला, "काका, इंजिन चालू राहू द्या. जरा रेझ करा." कान लावून त्याने ऐकले. टर्बोने दाबलेली हवा थंड करून इंजिनात नेणारी जाड रबरी नळी आपल्या तोटीवरून निसटली होती. हवा रस्त्यावर आणि इंधन इंजिनात, असा तो कारभार. त्या नळीवर भावाने स्वतः स्क्रूची पट्टी बसवली होती. मागच्या खेपेस नळी काढून पुसली ती मी, आणि पट्टी आवळावयाची विसरलो तोही मीच. तेव्हा मी एकटा होतो.

नळी हाताळण्याजोगी निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. खाली कृष्णेचे खोरे आणि वाईची देवळे उन्हात दिसत होती. भावजयीने डब्यातल्या दशम्या काढल्या. मग पुतण्याने डिकीतून बापाचा पेचकस आणला. पट्टी मला धरावयास दिली, नळी नीट बसवली आणि स्क्रू फिरवला, आधी बोटांनी. पाचगणीच्या पठारावर पोचून गाडी उभी केली तेव्हा मी सवयीने किल्लीकडे हात नेला. मागून भावजय म्हणाली, "दादा, एक मिनिट."

डबी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिचे काय करावयाचे ते पुतण्याने ठरवावे असे मी त्याला सांगितले आहे. तो म्हणतो, बघू. वहीतल्या अलीकडच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत, आणि त्या भावाच्या नोंदींच्या मानाने फार लांब आहेत असा त्याचा अभिप्राय आहे. घाटातला प्रसंग मी तीत लिहिला नव्हता. परवा ऑइलची तारीख पाहण्यासाठी वही उघडली, तो माझ्या मागे केव्हा तरी एक ओळ भरलेली दिसली: "पसरणी घाट. नळी निसटली. काकांनी पट्टी आवळली नव्हती."