मांडीवरची जागा

सातवा महिना लागला आणि माझी मांडी गेली. म्हणजे मांड्या जागच्या जागी आहेत, उलट पहिल्यापेक्षा भरपूरच आहेत. पण खाली बसल्यावर पोट आणि गुडघे यांच्यामध्ये जी राखीव जागा तयार होते, ती पोटाने बळकावली. त्या जागेची मूळ मालकीण अडीच वर्षांची आहे. सकाळी दुधाचा कप हातात धरून ती येते, माझ्याकडे पाठ करते, मागे न बघता सरकत सरकत येते आणि धपकन बसते. हल्ली बसते आणि घसरते. परवा घसरल्यावर उठून तिने पोटाकडे नीट निरखून पाहिलं, दोन्ही तळवे टेकवून ढकलून बघितलं आणि थेट पोटालाच सांगितलं, "बाळा, सरक ना थोडं. मला बसायचंय."

बाळ सरकलं नाही. आतून एक लाथ मात्र बसली, ती नेमकी तिच्या तळव्याखाली. "आजी, मला मारलं!" करत बाईसाहेब स्वयंपाकघरात तक्रार नोंदवायला गेल्या.

दुसऱ्या वेळी हे सगळं जरा लवकरच होतं. पोटाचे स्नायू एकदा ताणलेले असतात, त्यामुळे पोट आधी दिसायला लागतं आणि बाळाची हालचालही पहिल्या खेपेपेक्षा लवकर ओळखू येते. पाचव्या महिन्यात गर्भाशय बेंबीपाशी पोचतं, नववा लागताना बरगड्यांना टेकतं. थोडक्यात, अतिक्रमण अजून पूर्ण व्हायचं आहे.

घरात ही बातमी मला कळायच्या आधी सासूबाईंना कळली होती. लेक दिवसभर ओणवी होऊन स्वतःच्या पायांतून उलटं जग बघत होती. पोर असं बघायला लागलं की पाहुणा येणार, हे त्यांच्याकडचं निदान. चाचणीची पट्टी नंतर आणली आणि तिनेही त्यांचीच री ओढली. या निदानावर माझा विश्वास नाही. दोन वर्षांची सगळीच मुलं तसं बघतात आणि त्या सगळ्यांच्या घरी पाहुणे येत नाहीत. पण सासूबाईंना त्या दिवशी जो आनंद झाला, त्यात मी शास्त्र काढलं नाही.

माझ्या लहानपणची मांडी म्हणजे वाईची आजी. आमच्या घरातली सगळ्यात वर्दळीची जागा तीच. माजघरात भिंतीला टेकून ती मांडी घालून बसायची. समोर तांदूळ निवडायचं सूप, एका मांडीवर कुणाचं तरी पोर, दुसरीवर त्याहून लहान पोर. धुऊन धुऊन मऊ पडलेलं तिचं नऊवारी लुगडं गालाला फार बरं वाटायचं, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, तो टोचायचा. आम्ही नातवंडं त्या किल्ल्या चुकवून कुठे डोकं ठेवायचं हे बरोबर शिकलो होतो. ती गोष्ट सांगता सांगता तांदळातला खडा काढून बाजूला टाकी, आणि गोष्टीत राक्षस आला की तेवढा हात थांबे.

माझ्या पाठीवर पाय देऊन भाऊ आला तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही. जे आठवतं ते ऐकलेलं. आई बाळाला घेऊन घरी आली तेव्हा म्हणे मी दारातच बसून राहिले, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याची कुंची काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली. ती जेमतेम शेंडीपुरती बसत होती. तशीच मी आईच्या मांडीवर जाऊन आडवी झाले. सगळे हसले. आई हसली नाही म्हणतात, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीने मात्र फार विचार केला नाही. सूप बाजूला ठेवलं, मला उचललं आणि म्हणाली, "ही आजपासून माझी." त्यानंतर दहावीपर्यंत माझं अंथरूण आजीशेजारी पडायचं.

घरोघरी तेव्हा हीच व्यवस्था होती. दुसरं आलं की पहिलं आजीकडे, काकूकडे, नाहीतर आत्याकडे सरकायचं. आपल्या पिढीतली कितीतरी थोरली मुलं आजीची मुलं म्हणून वाढली, आणि त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. मांडी सुटायची, पण घरात आणखी पाचसहा मांड्या मोकळ्या असायच्या. एकत्र कुटुंबाच्या आठवणींनी गळा काढायची मला हौस नाही. त्या घरात आईला सकाळी गरम चहा कधी मिळाला नाही, हेही मी पाहिलेलं आहे. पण मांड्यांचा पुरवठा चांगला होता, एवढं मान्य करावं लागेल.

मग मामाची मांडी. तिच्यावर बसवतात ते काहीतरी वाईट करायचं असतं म्हणून, हे प्रत्येक मराठी पोराला लवकरच कळतं. जावळ काढायला मामाची मांडी, कान टोचायला मामाची मांडी. समोर सोनार, त्याच्या चिमटीत सोन्याची तार, आणि मागून मामाचे दोन हात कुशीत धरल्यासारखे पण खरं तर जखडणारे. भावाच्या कानांच्या वेळी मी शेजारी उभी होते. तो रडला आणि मला गुपचूप बरं वाटलं, हे आजही लख्ख आठवतं.

पुढे मांड्या संपतात. मुलगी मोठी झाली की तिला कुणी मांडीवर घेत नाही. मला एकदाच पुन्हा घेतलं गेलं, तेही शालू नेसून, लग्नात ऐरणीदानाच्या वेळी. सासूबाईंच्या मांडीवर टेकवलं तेव्हा आम्ही दोघी अवघडून गेलो होतो. मी सगळा भार स्वतःच्या पायांवर तोलून धरला होता आणि त्या हळूच म्हणाल्या, "बस गं नीट, मोडणार नाही मी." आमचं पुढे जे बरं जमलं, त्याची सुरुवात त्या वाक्यात आहे.

लेक झाली तेव्हा कळलं की मांडी पायांच्या बोटांपर्यंत लांब असते. बाळाला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. न्हाणीघरात पाटावर बसून दोन्ही पाय समोर पसरायच्या, साडी गुडघ्यावर खोचायच्या आणि एवढासा तो जीव नडग्यांवर पालथा घालायच्या. तेल आधी जिरवलेलं असे. मग साय आणि डाळीचं पीठ, मग ओंजळीने ओतलेलं कढत वाटणारं पाणी. बाळाच्या तोंडावर थेंब जाऊ नये म्हणून त्यांच्या पायांची बोटं आत वळलेली, त्यात चांदीची जोडवी. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून ताणायच्या तेव्हा माझा जीव वर यायचा आणि बाळ जांभई द्यायचं. शेवटी टाळूवर तेल, अंगाला कोरडं दुपटं आणि ओव्याची धुरी. त्यानंतर पोर जे झोपायचं ते दोन दोन तास. मावशींच्या नडग्यांवरची कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. किती पोरं त्यांच्या पायांवरून घरंगळून मोठी झाली असतील, त्यांनाच ठाऊक.

आता हिचं दूध सुटलं त्याची गोष्ट. गरोदरपणात पाजणं लगेच बंद करायलाच हवं असं काही नाही. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर हरकत घेत नाहीत. पण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत दूध कमी होत जातं, त्याची चव बदलते, आणि पुष्कळ मुलं आपणहोऊनच सोडतात. माझ्या आईने फोनवरून कोरफडीचा गर लावायचा सल्ला दिला, सासूबाईंनी कडुनिंब सुचवला. दोन्हींची वेळ आली नाही. एका संध्याकाळी तिने तोंड लावलं, नाक मुरडलं आणि "नको" म्हणून खाली उतरली. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं.

पाठोपाठच्या मुलांचं आणि दुधाचं हे कोडं फार जुनं आहे. वाग्भटाने पारिगर्भिक नावाचा बालरोग सांगितला आहे: आई पुन्हा गरोदर राहिली आणि मूल तिचंच दूध पीत राहिलं की ते खंगतं, असं निरीक्षण. जुन्या बायका पोटुशीचं दूध पाजू नका म्हणायच्या, त्यामागे हेच असावं. पुढे 1933 साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आफ्रिकेत गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, सुजलेल्या, कातडी सोललेल्या लहान मुलांचं वर्णन केलं. पाठचं भावंड झालं की थोरल्याचं दूध तुटायचं आणि त्याला नुसत्या मक्याच्या पेजेवर ठेवायचे. दुधाचा दोष नव्हताच. दूध गेल्यावर ताटात त्याच्या तोडीचं काही येत नव्हतं, हा दोष होता. पहिल्या बाळंतपणानंतर निदान 24 महिने तरी पुन्हा दिवस राहू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आईच्या अंगात रक्त भरून यावं हा हेतू आहेच, पण थोरल्याचं ताटही आहे. माझ्या लेकीच्या ताटात वरणभात, अंडं, केळं सगळं आहे. दुधाची तिला आता आठवणही येत नाही.

मांडीची मात्र येते. दूध सुटलं, मांडी सुटली नाही. तिच्या दृष्टीने ते दोन वेगळे व्यवहार होते, हे मला तेव्हाच समजलं.

म्हणून घरात मांड्यांची मोजदाद झाली. माझी, तीही अर्धी. सासूबाईंची, पण त्यांच्या गुडघ्यांना खाली बसणं झेपत नाही, त्यामुळे खुर्चीतली. आणि नवऱ्याची. "बाबांची मांडी टोचते," असा पहिला अहवाल आला. झडती घेतली तर खिशात स्कूटरच्या किल्ल्या सापडल्या. आता तो घरी आल्यावर किल्ल्या खुंटीला अडकवतो, जीनची पँट बदलून मऊ पायजमा घालतो आणि मगच अर्ज करतो. दुपारी तिला पायांवर उशी ठेवून आडवं करून, गुडघे हलवत झोपवायलाही शिकला. माझ्या आजोबांच्या काळात वडीलधाऱ्यांसमोर पुरुषाने स्वतःचं पोर मांडीवर घेणं मर्यादेला सोडून समजत. माझ्या वडिलांनी आम्हाला घेतलं, पण बाहेर कुणाची चाहूल लागली की खाली ठेवत. नवरा दार सताड उघडं टाकून पाय हलवत बसतो.

सरकारची मांडी मात्र अजून आखूडच आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने आलेली 26 आठवड्यांची रजा मला या खेपेलाही मिळेल. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एकही दिवस नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, बाकीच्यांनी साहेबाचा मूड पाहून मागायचे. धाकटं माझ्या अंगावर असणार, त्या पहिल्या काही आठवड्यांत घरात बापाची गरज सगळ्यात जास्त लागते ती थोरलीला. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कुणी थोरलं नसावं.

रात्री सासूबाई तिला गोष्ट सांगतात. परवा ध्रुवबाळ निघाला. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला, ध्रुव चढायला गेला, तर सावत्र आई सुरुचीने त्याला खाली ओढलं. मग सुनीतीचा पोर रडत रानात गेला, तप केलं, देव प्रसन्न झाला, अढळपद मिळालं. लेकीने सगळं ऐकून घेतलं. रानाचं, देवाचं तिला काही वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "राजाला दुसरी मांडी नव्हती?"

सासूबाई गप्प. मीही गप्प. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतो आहोत. सुरुचीला नावं ठेवली, सुनीतीची कीव केली, पण बापाला जरा सरकून बस म्हणावं हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझ्या एकाच मांडीवर बसते, डावीवर, आडवी, पाय बाहेर सोडून. पाठीला पोट टेकतं. उभ्याने तिला उचलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, बारा किलो भरते. त्यामुळे मी जमिनीवर बसायचं आणि तिने चढायचं. आतल्याने ढोसलं की ती कोपराने उलट ढोसते. बहीणभावंडांची पहिली ओळख अशीच व्हायची असेल तर होऊ दे.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काय करायचं, हे मात्र अजून सुचलेलं नाही. पहिली मुलगी आहे म्हटल्यावर लोक तिलाच विचारतात, "तुला भाऊच हवा ना गं?" सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक आहे, कायदा 1994 चा आहे, पण अडीच वर्षांच्या पोरीकडून कौल लावून घ्यायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. तिने एकदा "मला मांजर हवं" असं सांगितलं, तेव्हापासून आमच्या शेजारणीने विचारणं थांबवलं आहे.

तेव्हा बारशाला जरूर या. आल्या आल्या पाळण्याकडे धावू नका. बाळाला त्या दिवसांत आईखेरीज कुणाची पर्वा नसते आणि झबल्यांचा ढीग घरात आधीच पडलेला आहे. काही आणायचंच असेल तर थोरलीसाठी आणा. हातपाय धुवा, खिशातल्या किल्ल्या बाहेर काढा आणि खाली मांडी घालून बसा. ती लगेच येणार नाही, तिला ओढूही नका. आणि "आता तुझे लाड संपले हं" हे वाक्य तोंडाशी आलंच असेल, तर ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा.