आकेरीचा वाडा आणि आईची दुपार

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. मग चंदगड तालुक्यातली उसाची आणि काजूची गावं, आंबोलीचा घाट, दाणोली आणि सावंतवाडी. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन या रस्त्याने निघालो, तेव्हा तिने आंबोलीत चहालासुद्धा गाडी थांबवू दिली नाही. तिला आकेरीचा वाडा गाठायचा होता.

सावंतवाडीहून कुडाळच्या बाजूला थोडं पुढे गेलं की आकेरी लागतं. गावात रामेश्वराचं जुनं देऊळ आहे. पण 2016 पासून बाहेरची माणसं इथे आली की आधी विचारतात ती नाईकांच्या वाड्याबद्दल. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका इथे चित्रित झाली. तिची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, ते काळात मागे गेलं आणि गेलेले अण्णा धडधाकट होऊन वाड्यात वावरू लागले. 2021 मध्ये तिसरं पर्व आलं, त्यात ते भूत होऊन हजर! मरणालाही ज्याला मालिकेतून काढता आलं नाही असा माणूस. मी यावरून घरात पुष्कळ टवाळी केली आहे.

मी नोकरीसाठी पुण्यात असतो, दोन महिन्यांतून एकदा घरी जातो. बाबा गेल्यापासून आईची दुपार म्हणजे जेवण, भांडी आणि रात्री चुकलेल्या भागांचं पुनःप्रक्षेपण. मी सोफ्यावर पडून मोजायचो. सुनेच्या हातून ताट पडलं, ते तीनदा पडलं. मग घरातल्या आठ जणांचे चेहरे, प्रत्येकावर एक ‘ढँण’. मग जाहिराती. अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीच्या वाट्याला साधारण 22 मिनिटं येतात, आणि त्यातली बरीचशी या चेहऱ्यांवरच जातात. “आई, हे दोन मिनिटांत सांगून होईल,” असं मी म्हणायचो. ती काही बोलायची नाही. गेल्या दिवाळीत पाहिलं तर टीव्ही दुपारभर बंद. विचारलं तेव्हा म्हणाली, “तू असलास की मी लावत नाही. तुला तरास होतोय.”

ते मला लागलं. त्याच मुक्कामात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. काचबिंदूने तिची नजर मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त गेली होती. टीव्हीवरचे चेहरे तिला ओळखूच येत नव्हते. मी ज्या चेहऱ्यांना हसत होतो, ते तिने कधीपासून पाहिलेच नव्हते. ती मालिका ऐकत होती.

त्या रात्री मी डोळे मिटून एक भाग ऐकला आणि सगळं समजलं. पात्रं मनातले विचार मोठ्याने बोलतात. प्रत्येक वाक्यात समोरच्याला नावाने हाक मारतात. कालचा प्रसंग आज परत सांगतात. खलनायिका खोलीत येण्याआधी तिची धून येते. डोळ्यांना जे अती वाटतं, ते कानांना पुरेसं असतं.

याचं मूळही कानांतच आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी घरातल्या बायकांसाठी रोजच्या गोष्टी सुरू झाल्या. साबणाच्या कंपन्या खर्च करायच्या, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. ऐकणारी बाई इस्त्री करत असायची, मधेच दार वाजायचं, मूल रडायचं. म्हणून गोष्ट हळू चालवायची, तेच पुन्हा सांगायचं आणि प्रसंगाखाली ऑर्गनचे सूर ठेवायचे. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर गेली आणि 2009 मध्ये संपली. आपल्याकडे दूरदर्शनवर 1994 मध्ये आलेली ‘शांती’ही दुपारचीच. अर्धं लक्ष कामात आणि अर्धं गोष्टीत, अशा बाईसाठी ही लय घडली आहे. सोफ्यावर पडून मोजणाऱ्यासाठी नाही.

तर आकेरी. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने मी काच खाली करताच विचारलं, “अण्णांचो वाडो बघूक इलात मां? सरळ जावा.” वाडा कुणाचं तरी राहतं घर, म्हणून आम्ही खळ्याच्या कडेलाच उभे राहिलो. दुपारचे दोन वाजले होते. माडांची सळसळ सोडली तर आवाज नव्हता.

“कसा आहे?” आईने विचारलं.

“कौलारू आहे. पुढे खळं, तुळस. टीव्हीवर वाटतो त्यापेक्षा लहान.”

“झालं?”

“झालं.”

“एवढ्यासाठी बेळगावातनं आणलास होय? काय घाई करायलास? सावकाश सांग की.”

मग पुन्हा सुरुवात केली. कौलं कुठे काळी पडलीत, कुठे नवी लाल आहेत. ऊन पायरीपर्यंत आलंय, आत अंधार आहे. तुळशीपासून दारापर्यंत किती पावलं होतील. तुळशीचं सांगून झालं की ती मला परत पायरीवर आणायची. “म्हणजे दारातनं हाक मारली तर तुळशीपर्यंत ऐकू येणार,” ती म्हणाली आणि मालिकेतला एक प्रसंग स्वतःशीच लावून पाहू लागली. या सगळ्यात अर्धा तास गेला. पहिल्या दोन वाक्यांत मी स्वतः वाडा पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

रात्री जवळच्या एका गावात जत्रा होती, तिथे दशावतार पाहिला. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, मग आख्यान. हार्मोनियम, मृदंग, झांज. सिंहासन म्हणजे एक बाकडं. राजा आला की आधी आपण कोण, कुठले, किती पराक्रमी, ते सांगणार आणि मग बाकड्याभोवती गिरक्या. संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवरच रचतात. एका शापाला पाऊण तास लागला. शेजारची आजी मधेच झोपली, उठली आणि सुनेला न विचारता गोष्टीत परत शिरली. मालिकेत मी ज्याला हसत होतो, ते सगळं इथे होतं. शिवाय इथे ते रसरशीत होतं, कारण नट समोरच्या माणसांकडे बघून ताणत होते.

आणि एक मोठा फरक होता. दशावताराला पहाट असते. कितीही ताणलं तरी उजाडायच्या आत राक्षस मरतो, दहीकाला होतो आणि माणसं घरी जातात. मालिकेला पहाट नसते. तिथे दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात. ते चांगले असले तर गोष्ट संपवता येत नाही, पडले तर अपघात, स्मृती जाणं, हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस. ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नाव चार दिवसांचं! माझी तक्रार आता एवढीच उरली आहे. संथपणाबद्दल नाही, भडकपणाबद्दल नाही. सांगण्यासारखं संपल्यावरही सांगत राहण्याबद्दल आहे. हे आईलाही पटतं. “शेवटी शेवटी उगाच करतात,” ती म्हणते, “पण उठून जायचं कुठं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या दुपारीही पहाटेपर्यंतच्या खेळासारख्या लांबच असतात, आणि त्या वेळी घरात आवाज असतो तो फक्त मालिकेचा.

आता रविवारी दुपारी मी फोन करतो आणि आठवड्याचं सावकाश सांगतो. ती मधे मधे मागचं पुन्हा विचारते, मी पुन्हा सांगतो.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा टीव्ही मीच लावला. तिच्याजवळ बसलो आणि दिसतंय ते सांगू लागलो: सासूने मान वळवली, सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, आता जाऊबाईंचा चेहरा दाखवतायत.

आईने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “गप्प बस जरा. ऐकू दे की.”