आयता गिअरबॉक्स

मी कचेरीत नेमके काय करते, हे माझ्या आईला आजवर समजलेले नाही. ‘काँप्युटरवर चित्रे काढते,’ असे ती शेजारणींना सांगते, आणि त्या बिचाऱ्या माझ्याकडे रांगोळीचे नमुने मागतात. गेल्या दिवाळीत मात्र मला एक नामी युक्ती सापडली. समोर ताटात दोन प्रकारचे लाडू होते. काही घरचे, काही समोरच्या बिऱ्हाडातून आलेले.

मी म्हटले, “आई, आपला लाडू कडक झाला तर तू लगेच सांगतेस, पाक पुढे गेला म्हणून. कोणत्या पायरीवर काय चुकले ते तुला ठाऊक असते. पण हा समोरून आलेला? त्याचा घेर मोज, वजन कर. पाक एकतारी होता की दोनतारी, ते तो सांगेल का?”

कॅड सॉफ्टवेअरमध्ये मी स्वतः घडवलेला भाग म्हणजे घरचा लाडू. आधी रेखाकृती, मग तिला दिलेली जाडी, मग भोके, मग कडांची गोलाई, अशी त्याची सारी कुळकथा बाजूला यादीसारखी मांडलेली असते. मागे जाऊन जाडी १०ची १२ मिलिमीटर केली, की पुढचे सगळे बहुधा आपोआप सावरून बसते. परक्या कंपनीचा भाग येतो तो ‘स्टेप’ फाइलमधून. निरनिराळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांचे आकार वाचता यावेत म्हणून १९९४ साली हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. आयएसओ १०३०३ हा त्याचा क्रमांक. त्यातून आकार येतो, कुळकथा सहसा मागेच राहते. जुळणीत कोणता भाग कोणाच्या आधाराने बसवला होता, ती नातीही तुटतात. सगळे आपापल्या जागी दिसतात खरे, पण ते लग्नातल्या ग्रूप फोटोसारखे. एकाला हलवले तर दुसरा ढिम्म हलत नाही.

असाच एक गिअरबॉक्स दसऱ्यापूर्वी माझ्याकडे आला होता. पाठवणाऱ्यांनी उदार मनाने त्यात एकूण एक स्क्रू, वॉशर, फार काय, नावाच्या पट्टीवरची कोरीव अक्षरेसुद्धा घातली होती. जरा फिरवू गेले की पडदा थिजायचा. तेव्हा सगळेच करतात ते मीही केले. स्क्रू आणि वॉशर काढून टाकले. मॉडेल हलके झाले. मग गिअरबॉक्सच्या तोंडावरची चार भोके धरून आमच्या कन्व्हेयरची माउंटिंग प्लेट आखली, आणि प्लेटची भोके त्या भोकांशी बांधून टाकली. ती हलली की हीही हलावीत! मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते.

आठवड्याने सुधारित फाइल आली. जुनी काढून नवी घातली, तो पडदा लाल खुणांनी भरून गेला. आकार तोच दिसत असला, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी नव्या फाइलचा प्रत्येक पृष्ठभाग नवखा. जुन्या ओळखी पुसलेल्या. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी एकेक नाते पुन्हा जोडत बसले. गिअरबॉक्सच्या तोंडावर भोकांची दोन वर्तुळे होती, एक ११५ मिलिमीटर व्यासाचे, दुसरे १३०चे. दोन्ही रिकामी दिसत होती. आधी मी ११५चे धरले होते. त्या संध्याकाळी १३०चे धरले गेले. प्लेटची भोके आज्ञाधारकपणे तिकडे सरकली, ड्रॉइंगवरचे मापही त्यांच्याबरोबर बदलले. लाल खुणा गेल्या. मी घरी गेले.

भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपने त्या बरहुकूम २४ प्लेटा करून दिल्या. प्रत्यक्ष गिअरबॉक्स आला तेव्हा बाहेरच्या वर्तुळात त्याच्या झाकणाचे स्क्रू बसलेले होते. मी काढून टाकलेले ते हेच!

“प्लेटा कोणी चुकवल्या?” असा प्रश्न कचेरीत निघाला, आणि वाचकहो, मी गप्प बसले. वर्कशॉपवाल्याने ड्रॉइंग नीट वाचले नसेल, असे कोणीतरी म्हणाले, तेव्हाही. मनात सबबी गोळा करीत होते. २००६ साली एअरबसच्या ए-३८० विमानाचे काय झाले होते? हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरीत, तुलूझचे पाचवी. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. त्या बसवू गेले तो आखूड पडल्या, आणि विमाने रखडली. तिथे माझ्या चार भोकांची काय कथा? पण भोसरीच्या काकांना त्या विमानाचे काय! त्यांचे बिल अडणार होते. हाताखाली तीन कामगार, आणि पुढे दिवाळीचा बोनस.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन सांगितले. ते चिडले नाहीत, असे लिहायला मला आवडले असते. चांगलेच चिडले. जुन्या प्लेटांचे बिल मात्र निघाले, आणि नव्या काकांनी दोन रात्री जागून करून दिल्या.

खंडेनवमीला काकांनी बोलावले. ड्रिल मशीनला झेंडूची माळ, पुढे पाटावर हातोडी, पाने, व्हर्नियर, आणि त्याच रांगेत हळदकुंकू लावलेली माझी एक चुकलेली प्लेट! मी ओशाळून तिच्याकडे पाहत राहिले.

“असू द्या हो, ताई,” काका म्हणाले, “चांगला १२ एमएमचा माल आहे. जिगला होईल.” आणि त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.